खोबरेल वितळायला किती वेळ? कॉन्स्टंट फिरवण्याआधी खोलीचं तापमान बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. एम.ई.च्या प्रकल्पासाठी तुम्ही गोव्यात फर्मागुढीला ५० मिमी रुंद, १०० मिमी उंच आणि ६० मिमी खोल असा ॲक्रिलिकचा डबा केलात. त्यात खोबरेल तेल फ्रिजमध्ये ठेवून थिजवलंत. मग डाव्या बाजूची ॲल्युमिनियमची पट्टी गरम पाण्यानं ४० अंश सेल्सिअसवर धरलीत आणि तेल पूर्ण वितळेपर्यंत दर पाच मिनिटांनी फोटो काढलेत. प्रयोगात सव्वातीन तास लागले. फ्लुएंट या प्रवाहाची गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये द्विमितीय मॉडेल केलंत, तेव्हा मशी झोन कॉन्स्टंट (अर्धवट वितळलेला भाग प्रवाहाला किती विरोध करतो ते ठरवणारा आकडा) मुळातला १ लाख ठेवून सव्वाचार तास आले, १ कोटी केल्यावर पाच, आणि १० हजार केल्यावर बरोबर सव्वातीन. म्हणून तुम्ही विचारताय की १० हजार ही योग्य किंमत म्हणून प्रबंधात लिहू का, आणि परीक्षकांनी कारण विचारलं तर काय सांगू.

लिहू नका. परीक्षक काय म्हणतील हा नंतरचा भाग. त्या किमतीला भौतिक आधार नाही, आणि ती लिहिली की तुमच्या डब्यात खरोखर काय घडलं ते झाकलं जाईल. गेली चोवीस वर्षं मी वितळण्या-गोठण्याचीच गणितं करतो आहे, आधी ओतकामाच्या कारखान्यांसाठी आणि अलीकडे मासळीच्या शीतपेट्यांसाठी. या काळात सगळ्यात महाग पडलेल्या चुका एकाच जातीच्या होत्या: एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणचा आकडा हलवून भरून काढलेली.

तुमचा डबा मी पाहिलेला नाही. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) कुठे बसवले, पाण्याचा प्रवाह किती होता, तेल कोणत्या घाण्याचं किंवा कोणत्या कंपनीचं, यावर पुढचे काही आकडे बदलतील. ते जिथे बदलतील तिथे मी तसं म्हणेन. पण एक गोष्ट तुमच्या वर्णनातच आहे आणि माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तिच्यात आहे. तुम्ही लिहिलंय, "उरलेल्या सर्व बाजू इन्सुलेटेड धरल्या." आणि दोन ओळींनंतर, "फोटोसाठी डबा उघडाच ठेवला होता, खोलीचं तापमान साधारण ३० होतं."

खोबरेल वितळतं २४ अंशांच्या आसपास. तुमची खोली ३० अंशांवर. म्हणजे हीटर बंद ठेवला असता तरी तुमचं तेल हळूहळू वितळलंच असतं. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी-सांग्याकडे पहाटे बाटलीतलं खोबरेल थिजतं आणि दहा वाजेपर्यंत आपोआप सुटतं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. तुमच्या डब्यालाही तोच नियम. थंड देशांतल्या ज्या शोधनिबंधांवरून आपण मॉडेल उचलतो, त्यांची प्रयोगशाळा साधारण २० अंशांवर असते आणि त्यांचा पदार्थ बहुधा ३० ते ६० अंशांना वितळणारा असतो. त्यांच्याकडे भिंतींतून उष्णता बाहेर जाते, थोडीशीच, आणि "बाजू इन्सुलेटेड" म्हटलं तर फारसं बिघडत नाही. आपल्याकडे या पदार्थाला ती बाहेरून आत येते. चिन्हच उलटं होतं.

किती येते, तेही हातानं काढू. समोरची आणि मागची बाजू मिळून ०.०१० चौरस मीटर, उजवी बाजू ०.००६, वर आणि खाली मिळून ०.००६. एकूण ०.०२२. ॲक्रिलिक ६ मिमी जाड धरलं, बाहेरच्या हवेचं अभिसरण आणि प्रारण मिळून दर चौरस मीटरला दर अंशाला ८-९ वॅट धरले, तर दोन्ही अडथळे मिळून परिणामी गुणांक ६.७ च्या आसपास येतो. फरक ६ अंशांचा. गुणाकार केला की सुमारे ०.९ वॅट.

०.९ वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तुमच्या डब्यात तेल आहे फक्त पाव किलोच्या थोडं वर, सुमारे २७५ ग्रॅम. त्याची सुप्त उष्मा, म्हणजे तापमान न वाढता नुसतं वितळायला लागणारी उष्णता, किलोला १०० ते ११० किलोज्यूल. वितळण्याआधीचं आणि नंतरचं तापणं धरूनही एकूण गरज ३६ किलोज्यूलच्या आसपास. ती पाच तासांत पुरवायची तर सरासरी दर पडतो २ वॅट. म्हणजे ज्या गळतीला तुम्ही शून्य धरलंत ती तुमच्या मुख्य पुरवठ्याच्या निम्म्याला येऊन भिडते. शेवटी शेवटी आतलं तेल ३० च्या वर जातं तेव्हा त्या भागातून उष्णता उलट बाहेर पडू लागते, त्यामुळे सरासरी ०.९ टिकत नाही. तरीही एकूण हिशेबाचा पाव हिस्सा भिंतींनी घातला असं धरायला हरकत नाही. आणि त्या खोलीत पंखा चालू असेल तर याहून जास्त. एप्रिलात पंखा बंद ठेवून तीन तास कोणी बसलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून हे मुद्दाम विचारतो.

आता पाहा, १ कोटीवर आलेले पाच तास या पाव हिश्श्यानं कमी केले तर तुम्ही पावणेचारच्या आसपास पोचता, तेही कॉन्स्टंटला हात न लावता. सव्वातीन आणि पावणेचारमधलं अंतर उरतं, त्याकडे पुढे येतो.

एक अडचण इथेच सांगून ठेवतो. तुमचं मॉडेल द्विमितीय आहे, आणि सगळ्यात मोठ्या दोन उघड्या बाजू, समोरची आणि मागची, त्या मॉडेलमध्ये अस्तित्वातच नाहीत. त्यामुळे फक्त उजव्या, वरच्या, खालच्या कडेला बाउंड्री कंडिशन (कडेवरच्या उष्णतेची अट) बदलून भागणार नाही. एक तर त्रिमितीय करा (डब्याची अर्धीच खोली, मधोमध सममिती धरून, म्हणजे परवडेल), नाही तर समोरून-मागून येणारी उष्णता प्रत्येक सेलमध्ये (मॉडेलनं डब्याचे पाडलेले बारीक चौकोन) स्रोत म्हणून घाला: गुणांक गुणिले तापमानाचा फरक, गुणिले दोन, भागिले डब्याची खोली. दुसरा मार्ग पटकन होतो पण त्यात एक खोट आहे. प्रत्यक्षात ही उष्णता आधी ॲक्रिलिकच्या काचेलगतचा पातळ थर वितळवते, आणि स्रोत मात्र ती सगळ्या जाडीत सारखी वाटतो. तुमच्या फोटोंच्या दृष्टीनं हा फरक महत्त्वाचा आहे, कारण फोटोत दिसतो तो काचेलगतचाच थर. आत अजून पांढरा गोळा असताना कॅमेऱ्याला तेल पारदर्शक दिसत नसेल, पण कड मात्र खऱ्यापेक्षा पुढे सरकलेली दिसेल.

आता कॉन्स्टंटकडे. हा आकडा कुठून येतो हे न सांगताच बहुतेक ठिकाणी शिकवलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वापरताय ती एन्थाल्पी-पोरॉसिटी पद्धत १९८७ साली व्हॉलर आणि प्रकाश यांनी मांडली. कल्पना सुंदर आहे. घन आणि द्रव यांच्यामधली सरकती कड शोधत बसायची नाही. प्रत्येक सेलमध्ये द्रवाचा अंश किती ते एन्थाल्पीवरून, म्हणजे त्यात साठलेल्या एकूण उष्णतेवरून काढायचं, आणि अर्धवट वितळलेला सेल म्हणजे सच्छिद्र पदार्थ आहे असं समजायचं. जितका द्रव कमी तितका प्रवाहाला विरोध जास्त. पूर्ण घन झाला की विरोध इतका की वेग जवळजवळ शून्य. तो विरोध किती, हे ठरवणारा गुणक म्हणजे तुमचा मशी झोन कॉन्स्टंट.

सच्छिद्र पदार्थाच्या विरोधाचं सूत्र, कार्मन-कोझेनीचं, या क्षेत्रात फार जुनं आहे. त्याच्या एका प्रचलित रूपात हा गुणक म्हणजे १८० गुणिले द्रवाची श्यानता (दाटपणा), भागिले कणाच्या आकाराचा वर्ग. म्हणजे या आकड्याला अर्थ आहे: तुमच्या अर्धवट वितळलेल्या लगद्यात स्फटिकांचे कण केवढे आहेत, ते तो सांगतो. उलटं गणित करून बघा. या तापमानाला खोबरेलाची श्यानता ०.०४ पास्कल-सेकंद धरली तर १ कोटी म्हणजे ०.८५ मिमीचा कण. १० कोटी म्हणजे पाव मिमीच्या थोडा वर. थिजलेलं खोबरेल किंवा तूप बोटावर घेऊन पाहिलं तर जे रवाळ लागतं, ते साधारण याच मापाचं किंवा याहून बारीक. मुळातला १ लाख म्हणजे साडेआठ मिमीचा कण. आणि तुमचा १० हजार म्हणजे २७ मिमीचा. तुमच्या डब्याची रुंदी ५० मिमी आहे. अर्ध्या डब्याएवढा एक रवा असलेला लगदा, त्यातून तेल जवळजवळ मोकळं वाहतंय, असं तुम्ही सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला, सांगितलंत, आणि म्हणून वितळणं वेगानं झालं.

म्हणजे सव्वातीन तास जुळले ते असे: भिंतींतून येणारी खरी उष्णता मॉडेलमध्ये नव्हती, आणि तेवढी कमतरता एका अशक्य लगद्यानं भरून काढली. उद्या तुम्ही हाच १० हजार घेऊन २० मिमीचा डबा, किंवा एसी लावलेली खोली, किंवा ५० अंशांची पट्टी करून पाहिलीत तर काहीच जुळणार नाही, कारण गळती एका पद्धतीनं बदलेल आणि लगद्याचा विरोध दुसऱ्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका ओतकाम कारखान्यासाठी ॲल्युमिनियमच्या एका भागाचं गणित करत होतो. धातू आणि साचा यांच्यामधून उष्णता जाण्याचा गुणांक माहीत नव्हता, म्हणून मोजलेल्या गोठण्याच्या वेळेशी जुळेपर्यंत तो मी वाढवत नेला. वक्र इतका सुरेख बसला की सगळ्यांना दाखवला. तीन महिन्यांनी त्याच गुणांकावर दुप्पट जाडीच्या दुसऱ्या भागाचे फीडर (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर घालणारे साठे) ठरवले, आणि ओतल्यावर जाड भागात आकुंचनाची पोकळी निघाली. पहिला पूर्ण घाणा वाया गेला. नंतर शोधलं तेव्हा सापडलं की साच्याच्या वाळूची वाहकता मी कोरड्या वाळूची घेतली होती, आणि ती चूक पातळ भागात त्या गुणांकात मुरून गेली होती. जाड भागात मुरायला जागा राहिली नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: जो आकडा मोजता येतो तो मोजायचा, जो मोजता येत नाही त्याची शक्य असलेली हद्द आधी कागदावर लिहायची, आणि जुळवताना त्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. तुमच्या बाबतीत ती हद्द आहे १ कोटी ते ५० कोटी, फार तर १०० कोटी. या पट्ट्यात चार किमती घेऊन वेळ किती बदलते ते प्रबंधात तक्ता म्हणून द्या. कोटीच्या पुढे बदल मंदावला तर ते चांगलं लक्षण आहे: तुमचं उत्तर त्या आकड्यावर फारसं अवलंबून नाही असा त्याचा अर्थ.

आता पदार्थाबद्दल. तुम्ही वितळबिंदू २४ लिहून घन आणि द्रव सीमेत अर्ध्या अंशाचा फरक ठेवलाय. खोबरेल हा एक पदार्थ नाही. ते अनेक मेदांचं मिश्रण आहे. त्यातल्या मेदाम्लांत जवळजवळ निम्मं लॉरिक, बाकी मिरिस्टिक वगैरे. त्यामुळे ते पाण्यासारखं एका तापमानाला वितळत नाही, काही अंशांच्या पट्ट्यात मऊ होत होत सुटतं. शिवाय मेदाचे स्फटिक एकाहून अधिक प्रकारचे असतात आणि पटकन थंड केलं तर वेगळा प्रकार बनतो, सावकाश केलं तर वेगळा. फ्रिजमध्ये भराभर थिजवलेलं आणि १८ अंशांच्या खोलीत रात्रभर थिजलेलं तेल वितळताना सारखं वागेलच असं नाही. थिजतानाही ते वितळबिंदूच्या बरंच खाली गेल्याशिवाय सुरुवात करत नाही, म्हणून पुढे तुम्ही थिजण्याचं सिम्युलेशन करणार असाल तर वितळण्याचाच वक्र उलटा फिरवून चालणार नाही.

यासाठी तुमच्याच बाटलीतल्या तेलाचं मोजमाप करा, इंटरनेटवरचा आकडा घेऊ नका. डीएससी यंत्र (नमुना तापवताना त्यात किती उष्णता जाते ते मोजणारं) मिळालं तर उत्तमच, पण तापवण्याचा वेग कमी ठेवायला सांगा, मिनिटाला एक-दोन अंश. वेगानं तापवलं तर शिखर वर सरकतं आणि पट्टा खोटाच रुंद दिसतो. आणि त्यात काही मिलिग्रॅमच नमुना असतो हेही लक्षात ठेवा. यंत्र मिळालं नाही तर टी-हिस्टरी पद्धत आहे, १९९९ साली चीनमधल्या संशोधकांनी मांडलेली: सारख्या दोन परीक्षानळ्या, एकीत तेल, एकीत पाणी, दोन्ही सारख्या तापवायच्या आणि एकाच थंड जागेत निववत ठेवायच्या. पाण्याची विशिष्ट उष्मा माहीत आहे, तेव्हा पाण्याच्या वक्रावरून नळीतून जाणारी उष्णता कळते आणि तेलाच्या वक्रावरून त्याची सुप्त उष्मा निघते. दोन थर्मोकपल आणि एक दुपार पुरते. ही पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात नमुना तुमच्या प्रयोगासारखाच, मूठभर असतो.

श्यानता स्थिर ठेवलीत तेही बदला. २५ अंशांना ०.०५ च्या आसपास असलेली श्यानता ४० ला ०.०३ च्या जवळ येते. गरम पट्टीलगत तेल पातळ, कडेलगत दाट. प्रवाह ठरवणारी हीच गोष्ट आहे. घनता मात्र तापमानाचं फलन करू नका. बंद डब्यात तसं केलं तर वस्तुमान टिकत नाही. बूसिनेस्कचं गृहीतक ठेवा, म्हणजे घनता स्थिर आणि तापमानाचा परिणाम फक्त तेल वर उचलणाऱ्या बलात.

आता गणिताच्या बाजूचं, जे मी सगळ्यात आधी करतो आणि विद्यार्थी बहुधा सगळ्यात शेवटी.

प्रवाह बंद करून, फक्त वहनावर, एकमितीय प्रश्न सोडवा. त्याचं अचूक उत्तर माहीत आहे. ऑस्ट्रियाचे योसेफ स्टेफान १८९० च्या आसपास ध्रुवीय समुद्रावर बर्फ किती जाड साचतो याचा हिशेब करत होते, त्यावरून या सगळ्या कुळाला स्टेफान प्रश्न म्हणतात. वास्कोला हेडलँड सड्यावर आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे, तिथून जाताना मला दर वेळी याची आठवण होते: आपण खोबरेलासाठी वापरतो ते गणित मुळात ध्रुवाकडच्या बर्फाचं. उदाहरण घ्या. शून्य अंशांचं पाणी, एका बाजूला उणे १० ची भिंत. बर्फाची वाहकता २.२, घनता ९१७, विशिष्ट उष्मा २.१ किलोज्यूल, सुप्त उष्मा ३३४ किलोज्यूल. पहिल्या तासात २२.५ मिमी बर्फ धरतो. चार तासांनी ४५. वेळ चौपट, जाडी दुप्पट. बर्फाच्या कारखान्यातली २८ सेंमी जाडीची लादी दोन्हीकडून गोठते असं धरलं तर याच हिशेबानं ३८-३९ तास लागतात. मालीमच्या जेट्टीवर ट्रॉलरसाठी बर्फ पुरवणाऱ्या कोणालाही विचारा, लादीला दीड दिवसाच्या वर लागतो हे तो गणित न करता सांगेल. (लादीच्या मधला पांढरा गाभा बघितलाय ना? गोठणारी कड पाण्यातली हवा आणि क्षार आत आत ढकलत नेते, ते शेवटी मध्ये अडकतात. मिश्रधातूंतही हेच होतं, फक्त तिथे डोळ्यांना दिसत नाही.)

तुमच्या सॉफ्टवेअरनं हे २२.५ आणि ४५ दिले पाहिजेत, एक-दोन टक्क्यांच्या आत. कडेजवळच्या एखाद्या बिंदूचं तापमान काळानुसार काढलं तर पायऱ्या पायऱ्या दिसतील. घाबरू नका, कड एका सेलमधून जाताना तिथलं तापमान थबकतं म्हणून तसं होतं. मेश, म्हणजे सेलची जाळी, बारीक केला की पायऱ्या बारीक होतात. पण कोणी परिणामी विशिष्ट उष्म्याच्या पद्धतीनं, म्हणजे सुप्त उष्मा तापमानाच्या छोट्या पट्ट्यात उंच शिखर म्हणून घालून, हे करत असेल तर एक धोका मोठा आहे: टाइम स्टेप (गणितातली काळाची एक पायरी) मोठा असला तर सेल एका उडीत पट्टा ओलांडतो आणि सुप्त उष्मा हिशेबातून गायब होते. चित्र तरीही सुंदरच दिसतं.

म्हणून हिशेबाची वही ठेवा. प्रत्येक टाइम स्टेपनंतर दोन आकडे लिहून काढायला सांगा: सगळ्या भिंतींतून आतापर्यंत आत आलेली एकूण उष्णता, आणि आतल्या तेलाच्या एकूण एन्थाल्पीत झालेली वाढ. दोन्ही सारखे आले पाहिजेत. एक टक्क्याहून जास्त फरक पडला तर रंगीत चित्रांकडे बघायचंही नाही. तुमचा टाइम स्टेप ५ सेकंद आणि प्रत्येक स्टेपमध्ये २० आवर्तनं आहेत असं लिहिलंय. तुमच्या डब्यात तेलाचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या आसपास असणार, म्हणजे १ मिमीच्या मेशमध्ये ते एका स्टेपला पाच सेल ओलांडतं. सॉल्व्हर कोसळत नाही म्हणून ते चालतंय असं वाटतं. अर्धा सेकंद घ्या आणि ऊर्जेचं समीकरण खरोखर बसेपर्यंत आवर्तनं होऊ द्या. माझा अंदाज आहे की तुमच्या वहीत सध्या काही टक्के गहाळ असतील.

मेशचंही तसंच. खोबरेल फक्त वहनानं वितळलं असतं तर ५० मिमी जायला साडेबारा तास लागले असते, तापण्याची उष्णता धरून चौदाच्या आसपास. तुमचं उत्तर चार-पाच तासांत येतं, म्हणजे जवळजवळ सगळं काम प्रवाह करतो. तो प्रवाह पट्टीलगतच्या अवघ्या ४ मिमीच्या थरात चढतो. १ मिमीच्या मेशमध्ये या थराला चार सेल मिळतात. तिथे पाव मिमी हवा, मग बाहेर सावकाश मोठा करत न्या. एक मिमी, अर्धा, पाव, अशा तीन मेशवर वेळ काढा आणि तिन्ही आकडे प्रबंधात द्या.

"मेश बारीक केला तर प्रयोगाशी जुळणं बिघडलं, मग?" हा प्रश्न तुम्हाला पडेल, म्हणून गॅलियमची गोष्ट सांगतो. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावर ठेवलं तर द्रवच. १९८६ साली गाउ आणि विस्कांटा यांनी त्याच्या वितळण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो जगभर मापदंड झाला. १९८८ साली ब्रेंट, व्हॉलर आणि रीड यांनी एन्थाल्पी-पोरॉसिटीनं तो सोडवला. द्रवात एकच मोठा भोवरा आला आणि कड प्रयोगाशी छान जुळली. पुढच्याच वर्षी डँटझिगना अनेक भोवरे मिळाले. वाद बरीच वर्षं चालला. २००३ साली हनून, ॲलेक्सिएड्स आणि माई यांनी फार बारीक मेशवर दाखवलं की त्या द्विमितीय समीकरणांचं खरं उत्तर अनेक भोवऱ्यांचंच आहे. म्हणजे आधीचं जुळणं जाड मेशमुळे आलेलं होतं. मॉडेल आणि प्रयोग यांत खरंच फरक होता, आणि जाड मेशनं तो पंधरा वर्षं लपवला. तुमच्या १० हजारचं प्रकरण मला याच जातीचं वाटतं. तुमच्या मार्गदर्शकांनी गॅलियमच्या प्रश्नावर कोड तपासायला सांगितलंय ते करा, पण तेवढ्यावर थांबू नका. द्रवधातूत उष्णता वेगापेक्षा फार लवकर पसरते आणि तेलात उलट आहे. तुमच्या तेलाचा प्रांटल अंक (वेग आणि उष्णता पसरण्याच्या दरांचं गुणोत्तर) ५०० च्या घरात आहे, गॅलियमचा ०.०२. ऑक्टाडेकेनसारख्या पॅराफिनचा एखादा मापदंड घेतलात तर तो तुमच्या जातीचा ठरेल.

आता उरलेलं अंतर, पावणेचार आणि सव्वातीनमधलं. माझा संशय ढेकळाच्या बुडण्यावर आहे. तुमच्या मॉडेलमध्ये घन तेल जिथे आहे तिथेच खिळलेलं असतं. प्रत्यक्षात थिजलेलं खोबरेल द्रवापेक्षा जड असतं. म्हणूनच थिजताना बाटलीत मध्ये खळगा पडतो. तुमच्या डब्यात बाहेरची उष्णता काचेलगतचा थर आधी सोडवते. तो सुटला की मधलं ढेकूळ कशालाच धरून राहत नाही, खाली बसतं. तळही ३० अंशांच्या हवेमुळे त्याहून गरम. मग ढेकूळ आणि तळ यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर राहतो आणि त्यातून उष्णता भराभर जाते. डावीकडून चढणारं गरम तेलही त्याला वेगळ्या कोनातून धुतं. हे एन्थाल्पी-पोरॉसिटीच्या साध्या रूपात येतच नाही, कॉन्स्टंट काहीही ठेवा.

सुदैवानं हे तपासायला नवा प्रयोग लागत नाही. तुमच्याकडे दर पाच मिनिटांचे फोटो आहेत. साधारण दीड तासानंतरचे फोटो एकावर एक ठेवून ढेकळाची उजवी वरची कड बघा. ती वितळून खाली येतेय की अख्खं ढेकूळ सरकतंय, हे त्यावरच्या एखाद्या खुणेवरून कळेल. पुढच्या वेळी थिजवण्याआधी तेलात हळदीचे चार-दोन कण टाका, म्हणजे खुणा आयत्या मिळतील.

दुसरा प्रयोग जमला तर असा करा: एसी लावून खोली २४ वर आणा, पंखा बंद, डब्याला सगळीकडून २५ मिमी थर्मोकोल, आणि फोटो काढायचा तेवढ्यापुरता समोरचा तुकडा बाजूला. तेल आदल्या रात्री १८ अंशांना सावकाश थिजवा. फ्रिजमधून काढून ३० च्या खोलीत "१८ होईपर्यंत" ठेवलंत तर गाभा १८ ला येईपर्यंत कडा मऊ झालेल्या असतात. असं केल्यावर गळती जवळजवळ संपते, ढेकूळ भिंतींना चिकटून राहतं, आणि तुमचं मूळ इन्सुलेटेड मॉडेल प्रथमच खऱ्या प्रयोगाशी भिडतं. माझ्या अंदाजानं १ कोटी आणि १० कोटी दोन्हीवर ते तेव्हा चांगलं जुळेल. मग तोच कॉन्स्टंट, हात न लावता, ३० अंशांच्या उघड्या डब्यावर गळतीसकट चालवा. जो फरक राहील तो मिनिटांत लिहा आणि शेजारी ढेकळाच्या खुणांचे फोटो लावा.

तापमानाचे वाचन आणि ते फोटो पाठवलेत तर मी स्वतः हिशेब करून बघेन. खोलीचं तापमान मात्र "साधारण ३०" असं नको, डब्याशेजारी थर्मामीटर ठेवून दर पंधरा मिनिटांनी लिहिलेलं हवं.